एका चांदणीचे अभिप्राय

म्हाळसाबाईंनी आजवर किती लेकरांना न्हाऊ घातले, याचा नेमका आकडा सांगता येत नाही. त्या स्वतः ‘तीनशेच्या वर’ म्हणतात. त्यांचे यजमान बिरप्पा कोणी विचारले की ‘हजार’ सांगून मोकळे होतात. सून राजनंदिनीला मात्र प्रत्येक रकान्यात पडताळून पाहिलेलेच लिहायची सवय आहे. ती म्हणते की पुरावा दोनशे चौदा लेकरांचा सापडतो. हा पुरावा म्हणजे खोलीतल्या लोखंडी ट्रंकेतले खण. बाळ-बाळंतिणीचा सव्वा महिना पुरा झाला की त्या घरची मोठी बाई मालिशवालीची ओटी भरते आणि खण देऊन तिची पाठवणी करते. म्हाळसाबाईंनी यांतले काही खण शिवले, काही लेकीबाळींना दिले. जे उरले ते घडी न मोडता ठेवले. कोणता खण कोणत्या घरचा, हे त्या आजही सांगतात. राजनंदिनीने एकदा वीस खण उलटसुलट करून त्यांची परीक्षा घेतली होती, दोन चुकले.

त्यांचे गाव मंगळवेढा तालुक्यातले, पावसाची वाट पाहण्यात वर्ष घालवणारे. घरात मेंढरे. थंडीत जन्मलेली कोकरे गारठली की त्यांना चोळून अंगात ऊब आणायची, हे काम सासूने नव्या सुनेवर सोपवले, आणि हातातली ती समज पुढे माणसांच्या लेकरांसाठी उपयोगी पडली. कळप विकून बिरप्पा सोलापुरात एका गोदामावर राखणदार झाले, ते वर्ष १९९६. विजापूर रोडलगतच्या दोन खोल्यांतून म्हाळसाबाई पहाटे निघू लागल्या आणि त्यांचे निघणे कधी थांबले नाही.

कामाची पद्धत ठरलेली. न्हाणीघरात टीचभर उंचीचा पाट. त्यावर बसून पाय लांब सोडायचे, नडग्यांवर लेकरू आडवे घ्यायचे, कोमट तेल तळहातावर जिरवून मगच त्याला हात लावायचा. मग डाळीचे पीठ आणि साय, मग हात धरवेल एवढे ऊन पाणी, मग ओव्याची धुरी, आणि शेवटी सुती कापडात घट्ट गुंडाळून ते आईच्या कुशीत. दोन गोष्टी त्या करीत नसत. अमावस्येला लेकराच्या डोक्याला तेल लावीत नसत, आणि लेकराचे कौतुक करीत नसत. कोणी त्यांच्यापुढे केले तर त्या हातातले पाणी मुद्दाम मोठ्याने ओतत.

हा दुसरा नियम कुठून आला, तेही त्या सांगतात. कामाला लागून तिसरे वर्ष होते. एका घरी लेकराला पुसताना त्यांच्या तोंडून ‘कसं गुटगुटीत झालंय बघा’ असे निघून गेले. पाचव्या दिवशी लेकराच्या छातीत कफ भरला. ते वाचले, पण त्या घराने म्हाळसाबाईंना परत बोलावले नाही. त्या आठवड्यात गल्लीत आणखी चार लेकरे तशीच आजारी होती, हे म्हाळसाबाई लपवीत नाहीत. चार लेकरे एका साथीने पडली असतील, असेही त्या म्हणतात. मात्र आपल्या तोंडातून शब्द एकाच लेकराबद्दल गेला होता, एवढे त्या सांगतात.

घरे मिळण्याची त्यांची वाट एकच होती. एका खाजगी प्रसूतिगृहात बजाबाई नावाच्या आया होत्या. बाळंतीण घरी निघाली की त्या तिच्या सासूच्या कानात म्हाळसाबाईंचे नाव घालीत. २०२४ च्या जुलैमध्ये बजाबाई निवृत्त होऊन लेकाकडे माळशिरसला गेल्या. त्याच महिन्यात प्रसूतिगृहाच्या व्यवस्थापक वैजयंती मॅडमनी नवी रीत काढली. घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला एक छापील पत्रक मिळणार होते. त्यावर मालीश करणाऱ्या तीनच बायांची नावे, नावाशेजारी फोनने स्कॅन करायचा चौकोन. अट अशी की बाईचे स्वतःचे व्यवसाय-प्रोफाइल हवे, आणि त्यावर लोकांनी दिलेले गुण पाचांपैकी चारांच्या खाली नकोत. मुदत एकतीस ऑगस्ट. मॅडम बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी म्हाळसाबाईंना खुर्ची दिली आणि सांगितले की तक्रारी आल्या तर उत्तर मला द्यावे लागते, म्हणून हा आधार हवा.

म्हाळसाबाई घरी आल्या तेव्हा त्यांच्या हाताशी एकच घर उरले होते, आणि त्या घरचा सव्वा महिना ऑगस्टअखेर संपणार होता. पत्रकावर नाव आले नाही तर पुढचे घर कुठून येणार, हे त्यांना सांगता येईना. बिरप्पा म्हणाले, आता बसून खा की. त्यांनी ते ऐकले न ऐकले केले.

राजनंदिनी दुपारी एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देई. त्यामुळे सासूचे प्रोफाइल काढणे तिला अवघड नव्हते. अवघड होते ते सासूला रकान्यांत बसवणे. व्यवसायाचा प्रकार विचारला, तेव्हा तिने दिसला तो जवळचा शब्द निवडला: मसाज. दुसऱ्याच दिवशी तीन पुरुषांचे फोन आले. तिसरा फोन बिरप्पांनी घेतला. पलीकडच्या माणसाने दर विचारला. बिरप्पांनी शांतपणे प्रतिप्रश्न केला, “लेकरू किती दिसाचं हाय?” मग म्हणाले, “आन् बाळंतीण बसती का उठून?” फोन बंद झाला. संध्याकाळपर्यंत राजनंदिनीने प्रकार बदलून ‘बाल-संगोपन सेवा’ केला.

साप्ताहिक सुट्टीचा रकाना तसाच अडला. म्हाळसाबाईंची सुट्टी अमावस्येची, आणि अमावस्या वार पाहून येत नाही. शेवटी राजनंदिनीने ‘सातही दिवस सुरू’ असे लिहिले आणि खाली वर्णनात अमावस्येची एक ओळ घातली. स्थापना वर्ष १९९६ लिहिताना तिने सासूला दोनदा विचारून खात्री केली.

मग छायाचित्र. हाताशी असलेल्या एकमेव लेकराचा सव्वा महिना पुरा झाला नव्हता, तेव्हा त्याचा फोटो काढणे शक्यच नव्हते. राजनंदिनी म्हणाली, आत्या, तुम्ही एकट्याच पाटावर बसा. म्हाळसाबाई बसल्या, पाय लांब केले, आणि मोकळ्या पायांकडे पाहून लगेच उठल्या. रिकाम्या पायांचा फोटो त्यांना नको होता. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि वरवंटा घेऊन आल्या. बारशाला पाळण्यात लेकराच्या आधी वरवंटाच निजवतात, मग इथे काय बिघडते, असा त्यांचा हिशेब. त्याला जुनी कुंची घातली, अंगडे चढवले, तीटसुद्धा लावली, आणि नडग्यांवर निजवून त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिले. फोटो चांगला आला. लेकरू जरा काळे आणि कमालीचे शांत दिसत होते, एवढेच.

गेल्या दोन वर्षांतल्या अकरा घरांना राजनंदिनीने अभिप्रायाची लिंक पाठवली. या अकराही घरांत म्हाळसाबाईंना देवासारखे मानत होते, म्हणून तिला काळजी नव्हती. नंबर मात्र सगळे आज्यांचे होते. म्हाळसाबाईंचा व्यवहार नेहमी घरच्या मोठ्या बाईशीच होई. चार दिवसांत सात अभिप्राय आले. राजनंदिनीने ते दुकानात उघडून वाचले आणि उरलेली दुपार तिच्या हातून दोन अर्ज चुकले.

संध्याकाळी तिने ते सासूपुढे वाचायला घेतले. पहिला मल्लव्वांचा होता. अक्कलकोटकडच्या या आजी मुलाकडे सोलापुरात राहत, त्यांनी नातसुनेकडून लिहून घेतले होते: “लेकरू काळंसावळंच आहे. अंगावर मांस नाही. बाई सव्वा महिना येत होत्या.” चांदणी एक. दुसरा मल्लव्वांच्या शेजारणीचा: “आमचं पण तसंच किडकिडीत. काही फरक नाही.” चांदणी एक. तिसऱ्या घराने दोन चांदण्या देऊन लिहिले होते की पोरगी दिसायला बेतास बात आहे. पाचव्या घराने तीन दिल्या. पण तिथे आजी गावाला गेल्या होत्या आणि फोन आजोबांच्या हाती होता.

राजनंदिनी घाईघाईने वाचून संपवू पाहत होती. म्हाळसाबाई मात्र शेंगा निवडत एकेक अभिप्राय ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. मल्लव्वांचा तर त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

“बरं लिवलंय की,” त्या म्हणाल्या. “जपतीया लेकराला.”

“आत्या, एक चांदणी म्हणजे सगळ्यात वाईट. ही माणसं तुमचं काम वाईट म्हणतायत.”

“माजं कुटं? लेकराला म्हणत्यात. पाच चांदण्या कोन देतंय? मल्लव्वाच्या तेरा म्हैन्याच्या लेकराच्या डोक्यावर पाच चांदण्या टांगायच्या, आन् सगळ्या जगानं बघायच्या? मी बी दिल्या नसत्या.”

मग राजनंदिनीने गणित मांडले. सात घरांच्या मिळून अकरा चांदण्या. सरासरी एक पूर्णांक सहा. वैजयंती मॅडमना हवे आहेत चार. मॅडमच्या समोर मल्लव्वा नसणार, त्यांचा स्वर नसणार, तो आकडाच असणार. म्हाळसाबाईंचे निवडणे थांबले. ज्या शब्दांनी त्यांना आत्ताच बरे वाटले होते, तेच शब्द त्यांचे नाव पत्रकावरून खोडणार होते, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. त्या रात्री भाकरी त्यांनी सुनेला थापू दिल्या, जे सहसा होत नसे.

राजनंदिनीला सरळ उपाय दिसत होता: सातही घरांना फोन करून चांदण्या बदलून घ्यायच्या. म्हाळसाबाईंनी तो मोडून काढला. लेकरांच्या आज्यांना त्यांच्याच लेकरांचे कौतुक करायला लावणे हे त्यांच्या तोंडून होणारे नव्हते. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या घरून परतल्यावर त्यांनी ट्रंक ओढून मधोमध घेतली. दृष्ट लागण्याला हद्द असते, असे त्यांचे म्हणणे. दुधाचा पहिला दात पडला की लेकरू तिच्या तावडीतून सुटते. मग जे सुटले आहेत त्यांनी कौतुक केले तर कोणाचे काय जाणार?

दोघी दोन संध्याकाळी खणांपुढे बसल्या. म्हाळसाबाई खण उचलून घर सांगत, सून वहीत टिपून घेई: घरचे नाव, गल्ली, मुलगा की मुलगी, अंदाजे वर्ष, आणि शेवटच्या रकान्यात ‘खात्री’ किंवा ‘संशय’. घरे बदललेली होती, माणसे पुण्याला गेलेली होती, दोन घरांत आता आजी उरल्या नव्हत्या. तरीही बारा जण सापडले. हिरव्या इरकली काठाच्या खणाचे लेकरू आता पोलीस भरतीची तयारी करीत होते. त्याने लिहिले की मावशींनी माझे पाय ओढून सरळ केले असे आई सांगते, मला आठवत नाही, पण पाय सरळ आहेत. जांभळ्या खणाची मुलगी, संस्कृती, महाविद्यालयात शिकत होती. तिने पाच चांदण्या देऊन एवढेच लिहिले की आजीच्या तोंडी यांच्याइतके दुसऱ्या कोणाचे नाव नसे. बारा जणांच्या साठ चांदण्या. आकडा चढत चढत तीन पूर्णांक सातवर आला आणि तिथेच थांबला. ट्रंकेत आणखी खण होते, पण त्या खणांना आता पत्ते उरले नव्हते.

ऑगस्टची एकोणतीस तारीख. राजनंदिनीने हिशेब दोनदा करून पाहिला आणि मग सासूला सांगितला. आता फक्त दोन घरांनी एकाच्या जागी पाच केल्या तरी आकडा चारांच्या पुढे जातो. दोनच. मल्लव्वा आणि त्यांची शेजारीण. शेजारीण तर मल्लव्वांच्या शब्दाबाहेर नव्हती. एक फेरी पुरेशी होती. तिने आग्रह केला नाही. ती फक्त म्हणाली की परवा पत्रक छापायला जाईल.

म्हाळसाबाई त्याच दुपारी मल्लव्वांकडे गेल्या. जाताना त्यांनी मनाशी ठरवले होते की विचारायचे. तेरा महिन्यांचे ते लेकरू उंबऱ्याशीच होते, खालचे चार दात काढून हसत, भिंतीला धरून पाऊल टाकायच्या बेतात. मल्लव्वांनी त्याला उचलून पदराखाली घेतले आणि चहा टाकायला सांगितले. म्हाळसाबाईंनी पत्रकाची गोष्ट सांगितली, अट सांगितली, आकडाही सांगितला. मल्लव्वा ऐकत राहिल्या. आपल्या एका चांदणीने असे होईल हे त्यांना माहीत नव्हते, आणि ते कळल्यावर त्या खरोखर ओशाळल्या.

“अगं यव्वा, मला काय ठावं. मी आपली तीट लावल्यासारखी लावली एक.” त्यांनी नातसुनेचा फोन मागवला आणि तो म्हाळसाबाईंपुढे धरला. “तुमी म्हनत असाल तर आत्ता पाच करते. शेजारणीलाबी लावते करायला. लेकरू तुमच्याच हातचं हाय. तुमी म्हना फक्त.”

लेकरू पदराखालून मान काढून म्हाळसाबाईंच्या बांगड्यांकडे झेपावत होते. म्हाळसाबाईंनी त्याला घेतले नाही. बांगड्यांच्या हाताचे एक बोट तेवढे पुढे केले, ते त्याने धरले आणि तोंडाकडे ओढले. चहा आला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश संपवला. या दृष्टीच्या गोष्टी खऱ्या की खोट्या, याचा निकाल त्यांच्याजवळ नव्हता, आणि असल्याचा आव त्यांनी कधी आणला नव्हता. पण खोट्या निघाल्या तर जाणार होते एक पत्रक. खऱ्या निघाल्या तर काय जाणार, ते समोर बोट चोखत होते. आणि तो शब्द या वेळीही त्यांच्याच तोंडून जाणार होता.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “हाय तेच बरं हाय.”

एकतीस तारखेला त्या सुनेला घेऊन प्रसूतिगृहात गेल्या आणि तीन पूर्णांक सातचा आकडा वैजयंती मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी एका चांदणीचे अभिप्राय वाचले, काही क्षण हसू दाबले, आणि मग हसू गेल्यावर म्हणाल्या की मला कळते आहे, पण मी अट एकीसाठी वाकवली तर उद्या वरून विचारतील. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पत्रक छापून आले. त्यावर तीन नावे होती, म्हाळसाबाईंचे नव्हते. हाताशी असलेल्या घराची पाठवणी दोन दिवसांपूर्वीच झाली होती, नवा खण ट्रंकेत गेला होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात म्हाळसाबाई पहाटे उठत, चूल पेटवत आणि पुढे काय करायचे ते न सुचून अंगण दोनदा झाडत. प्रोफाइल काढून टाकू का, असे राजनंदिनीने एकदा विचारले. वरवंट्याचा फोटो बरा आलाय, असू दे, असे त्या म्हणाल्या.

पत्रक छापून आल्यापासून अकराव्या दिवशी फोन वाजला. जेऊरच्या तानाबाई बोलत होत्या. त्यांची लेक रुपाली सोलापुरात नोकरीला होती आणि त्याच प्रसूतिगृहात बाळंत झाली होती. तिचे बाळंतपण काढायला त्या आल्या होत्या. पत्रकावरची तिन्ही नावे त्यांनी ऐकून घेतली होती. तिघींनाही पाचाच्या आसपास गुण, तिघींच्याही पानांवर ‘बाळ खूप गोंडस झाले’ असे लिहिलेले. त्या बायकांचे तानाबाईंना काही खरे वाटेना. लेक फोनवर आणखी शोधत होती, तेव्हा तिला म्हाळसाबाईंचे पान दिसले. ती वाईट अभिप्राय हसत हसत मोठ्याने वाचत होती. तानाबाईंनी तिला मधेच थांबवून सगळे पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावले होते.

“मल्लव्वा कोन हायत?” त्यांनी विचारले. “त्यांचं लेकरू बघायला मिळंल का?”

दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाई त्यांना मल्लव्वांकडे घेऊन गेल्या. मल्लव्वा लेकरू दाखवायला तयार नव्हत्या. दाखवतानाही त्यांनी ते कडेवर अर्धे झाकूनच धरले. तानाबाईंनी घाई केली नाही. पदर जेवढा सरकला तेवढ्यात त्यांनी मांडीच्या वळ्या पाहिल्या, टाळू पाहिली, पाठीचा कणा डोळ्यांनीच मापला. लेकराने त्यांची नथ धरायला हात टाकला तेव्हा त्याच्या मनगटाचा जोरही त्यांना कळला. मग त्या मागे सरून बसल्या आणि तोंड वाकडे करून म्हणाल्या, “काय गं बाई हे लेकरू. खायाला घालता का न्हाय त्याला?”

मल्लव्वांचा चेहरा खुलला. त्यांनी नातसुनेला चहाबरोबर शेंगापोळी आणायला सांगितले.

जिना उतरताना शेवटच्या पायरीवर तानाबाई थांबल्या. “आमचं बारा दिसाचं हाय,” त्या म्हणाल्या. “तेबी असंच करून द्याल का?”

“ह्याच्याहून वंगाळ करीन की,” म्हाळसाबाई म्हणाल्या, आणि उद्या सहाला येते, पाट टीचभरच उंचीचा ठेवा, असे सांगून त्यांनी रुपालीच्या घराचा पत्ता दोनदा म्हणवून घेतला.